भिंत जळते तेव्हा खर्च कोणी करायचा?

 

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय बाई नवीन काढलं! विषय आहे शहरातल्या उंच इमारतींना लागणाऱ्या आगीचा, त्यांच्या भिंतींवर बसवलेल्या आवरणाचा, आणि ती तपासणी-दुरुस्ती सरकारी पैशाने करण्याचा. आपण राहतो टिनाखाली, नाहीतर घरकुलाच्या स्लॅबखाली. आपल्याला वीस-बावीस मजल्यांचं काय करायचं?

पण हा विषय मी शोधून आणला नाही. तो आपल्याच बचत गटाच्या बैठकीत निघाला. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एक ताई हळूच बोलली. तिची लेक पुण्याला असते. जावयाने कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे. सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली, की इमारतीचं फायर ऑडिट करायचं आहे, म्हणजे आगीच्या दृष्टीने तपासणी करायची आहे, आणि जे निघेल ते दुरुस्त करायचं आहे. त्यासाठी प्रत्येक घरामागे पैसे भरा. कर्जाचा हप्ता भरून हातात काही उरत नाही म्हणून लेकीने आईला फोन केला. ताईजवळ कापसाचे थोडे पैसे होते. तिचा प्रश्न साधा होता. "इमारत आम्ही बांधली नाही, भिंतीवर काय लावलं ते आम्हाला कोणी विचारलं नाही. मग तिचा खर्च आम्ही काऊन भरायचा?"

तेव्हा कोणालाच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. घरी येऊन मी वाचत गेले, जाणत्या माणसांना विचारत गेले, तेव्हा समजलं की ताईचा हा प्रश्न फार मोठा आहे. लंडनमध्ये तो विचारला गेला, आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या मुंबईत विचारला गेला. दोन्ही ठिकाणी काय उत्तर मिळालं, त्याचा इतिहास आज सांगते.

आधी भिंतीची गोष्ट समजून घेऊ.

आपल्या आज्या ज्या घरात राहिल्या, त्या घराची कुडाची भिंत तुम्हाला आठवत असेल. तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा जाड लेप द्यायचा. आत जळणारं, बाहेर न जळणारं. लेप शाबूत असेल तोवर भिंतीला सहसा आग धरत नसे. लेप उकलला, तुराट्या उघड्या पडल्या, की चुलीची एक ठिणगी पुरे. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आधी बाया भिंती लिंपून काढायच्या. आपण त्याला सणाची साफसफाई म्हणतो. खरं म्हणजे ती आगीपासूनची दुरुस्तीसुद्धा होती, आणि ती बायांच्या अंगमेहनतीवर, फुकटात होत होती.

आता शहरातली भिंत बघा. आत काँक्रीट आणि विटा, म्हणजे न जळणारं. पण इमारत चकचकीत दिसावी, ऊन-थंडी कमी लागावी म्हणून बाहेरून पत्रे बसवतात. त्याला एसीपी शीट म्हणतात. कारंज्याला, अमरावतीला दुकानांच्या, दवाखान्यांच्या दर्शनी बाजूला रंगीत चकचकीत पत्रे दिसतात ना, बहुतेक तेच. एक पत्रा हातात घेतला तर साधारण चार मिलिमीटर जाड. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मध्ये भरण. हे भरण आग न पसरवणाऱ्या जातीचंही मिळतं, पण ते महाग पडतं. स्वस्तातल्या पत्र्यात असतं पॉलिथिलीन. आपल्या शेतातली ठिबकची काळी नळी ज्या जातीच्या प्लास्टिकची असते, त्याच जातीचं. पेटलं की ते वितळतं, जळते थेंब खाली पडतात आणि आग वर चढते. म्हणजे न जळणाऱ्या भिंतीला बाहेरून जळणारा अंगरखा घातला. आजीच्या कुडाच्या अगदी उलट.

हा अंगरखा किती घातक असतो ते साऱ्या जगाला कळलं १४ जून २०१७ च्या रात्री.

लंडन शहराच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात ग्रेनफेल टॉवर नावाची २४ मजली इमारत होती. १९७४ साली ती बांधून झाली. ती नगरपालिकेची घरं होती. कष्टकरी, देशोदेशींहून आलेली माणसं तिथं भाड्याने राहायची, थोडीच घरं मालकीची होती. पालिकेने ४० वर्षांनी इमारतीची दुरुस्ती काढली आणि २०१६ साली ती नव्या पत्र्यांनी मढवून पूर्ण केली. आधी जस्ताचे पत्रे लावायचं ठरलं होतं. खर्च कमी करायचा म्हणून पॉलिथिलीन भरलेले अॅल्युमिनियमचे पत्रे घेतले. सुमारे तीन लाख पौंड वाचले. पत्रे कोणते लावायचे ते ठरवणारे त्या इमारतीत राहत नव्हते, आणि राहणाऱ्यांच्या तक्रारींकडे कोणी लक्ष दिलं नाही. इमारत आगीला सुरक्षित नाही, हे रहिवाशांच्या गटाने आधीच लिहून ठेवलं होतं.

त्या रात्री एकच्या सुमाराला चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रीजला आग लागली. आग काही फार मोठी नव्हती. अग्निशामक दलाचे लोक लगेच आले. पण ज्वाळा खिडकीतून बाहेर आल्या आणि पत्र्यांना भिडल्या. पुढच्या अर्ध्या तासाच्या आत आग बाहेरच्या बाहेर इमारतीच्या टोकापर्यंत पोचली. जिना एकच, आणि तो धुराने भरलेला. फोन करणाऱ्यांना सांगितलं जात होतं, घरातच थांबा. नियमच तसा होता, कारण काँक्रीटच्या इमारतीत एका घरातली आग दुसऱ्या घरात जात नाही असं धरलं होतं. हा सल्ला बदलायला पहाटेचे पावणेतीन वाजले. ७२ माणसं गेली. त्यांत १८ लेकरं होती.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. आगीनंतर इंग्लंडमध्ये तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा असे पत्रे लावलेल्या शेकडो इमारती सापडल्या. ते काढून नवे लावायचे कोणी?

तिथल्या कायद्यात फ्लॅट घेणारा माणूस जमिनीचा मालक नसतो, तो लांब मुदतीचा भाडेपट्टा घेतो. पण दुरुस्तीचं बिल त्याच्याच नावाने निघतं. तरुण जोडप्यांना, निवृत्त म्हाताऱ्यांना हजारो पौंडांची बिलं आली. पत्रे निघेपर्यंत रात्रभर इमारतीत फेऱ्या मारणारे पहारेकरी ठेवावे लागले, त्यांचा पगारही रहिवाशांनीच भरायचा. घर विकावं म्हटलं तर घेणारा मिळेना, कारण बँका अशा घरावर कर्जच देईनात. राहायची भीती आणि सोडायची सोय नाही, अशी गत झाली.

त्या लोकांनी हार मानली नाही. रहिवाशांनी गट केले, मोर्चे काढले, खासदारांना पत्रं लिहिली. सरकारला एकेक पाऊल मागे घ्यावं लागलं. मे २०१८ मध्ये सरकारी आणि संस्थांच्या भाड्याच्या घरांसाठी ४० कोटी पौंड जाहीर झाले. मे २०१९ मध्ये खासगी इमारतींसाठी २० कोटी. मार्च २०२० मध्ये इतर प्रकारच्या जळाऊ आवरणांसाठी १०० कोटी. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी ३५० कोटी. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये कायदा झाला, की ११ मीटरपेक्षा उंच इमारतीत राहणाऱ्या, कायद्याच्या अटीत बसणाऱ्या भाडेपट्टाधारकाकडून आवरण बदलण्याचा खर्च घेता येणार नाही. तो बांधणाऱ्याने करावा, नाहीतर सरकारी निधीतून व्हावा.

शेजारच्या स्कॉटलंडने एक गोष्ट वेगळी केली. तिथं तपासणीचाच खर्च सरकारने उचलला. एका इमारतीची एकच संपूर्ण तपासणी, बाहेरच्या भिंतीपासून आतल्या जिन्यापर्यंत, आणि रहिवाशांना त्याचं बिल नाही. म्हणजे तपासणीच्या पैशावरूनच घरोघरी भांडण होऊन काम अडायला नको. २०२४ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळा कायदाही केला.

पण सगळं गोड झालं असं समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आगीला सात वर्षं उलटल्यावर, इंग्लंडच्या सरकारी हिशेब तपासनिसांनी अहवाल दिला. त्यांच्या अंदाजाने दुरुस्तीची गरज असलेल्या इमारती ९,००० ते १२,०००, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त इमारतींचा अजून पत्ताच लागलेला नव्हता. पैसे मंजूर होणं आणि भिंतीवरचा पत्रा खरोखर निघणं यात किती अंतर असतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. घरकुलाचा हप्ता अडकला की ते आपल्याला चांगलंच कळतं.

आता म्हणाल, ते श्रीमंत देश आहेत. आपल्याकडे कुठे असं होतं? मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्राने हा विचार त्यांच्याआधी जवळजवळ ५० वर्षं केला होता. आगीसाठी नाही, पडणाऱ्या घरांसाठी.

मुंबईच्या गिरणगावात, भेंडीबाजारात, गिरगावात हजारो चाळी होत्या. लाकडी खांब, लाकडी जिने, लाकडी तक्तपोशी. कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेली माणसं एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा राहत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्याने गरिबाला घर टिकवता आलं, हे खरं. पण भाड्यातून काही सुटत नाही म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली. भाडेकरू म्हणे, घर मालकाचं. मालक म्हणे, भाडं किती देता ते बघा. दोघांच्या वादात तुळया कुजत गेल्या, आणि दर पावसाळ्यात चाळी कोसळून माणसं मरू लागली.

शेवटी १९६९ साली राज्य सरकारने कायदा केला आणि मुंबईसाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभं राहिलं. पुढे म्हाडा स्थापन झाल्यावर हे मंडळ तिच्यात आलं. सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या १९,६४२ इमारती या कायद्याखाली आल्या. त्या इमारतींवर घरपट्टीबरोबर एक उपकर बसवला, त्यात सरकारने आणि महापालिकेने भर घातली, आणि त्या पैशातून मंडळाने जिने, तुळया, संडास, गच्च्या दुरुस्त करायच्या असं ठरलं. म्हणून आजही मुंबईत त्या इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याची भिंत आधी पडायला आली त्याचं काम आधी करायचं. आपल्या बचत गटाहून हे काही फार वेगळं नाही, बरं का!

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हे मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी जुन्या इमारतींची पाहणी करतं आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. या पाहणीसाठी रहिवाशाला घरामागे वेगळी वर्गणी भरावी लागत नाही.

या व्यवस्थेत खोट नव्हती असं नाही. पैसा अपुरा पडला, कामं रखडली, घर सोडून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं वर्षानुवर्षं तिथंच राहिली. ज्या २०१७ साली ग्रेनफेल जळालं, त्याच वर्षी ३१ ऑगस्टला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. तरीही १९६९ च्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली, की माणूस राहतो ती भिंत धोकादायक झाली तर तो त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही.

आगीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे वाट वेगळी निघाली.

महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला आणि डिसेंबर २००८ पासून तो लागू झाला. कायदा चांगला आहे. इमारतीत आगीपासून बचावाची साधनं हवीत, ती चालू स्थितीत हवीत, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवाना असलेल्या संस्थेकडून तपासून तसा दाखला द्यायला हवा. पण ही सगळी जबाबदारी मालकावर किंवा राहणाऱ्यावर आहे. म्हणजे सोसायटीवर. म्हणजे शेवटी घरोघरच्या वर्गणीवर. ज्या सोसायटीत पैसेवाले राहतात तिथं पंप चालतो, पाइपात पाणी असतं, दाखला वेळेवर जातो. जिथं धुणीभांडी करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या माणसांना घरं मिळाली आहेत, तिथं लिफ्टचं बिल भरतानाच नाकी नऊ येतात.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे हेच समोर आलं. मुंबईत गोरेगावला जय भवानी नावाची इमारत आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीच्या बदल्यात मिळालेली घरं. पहाटे तीनच्या सुमाराला खाली, गाड्या उभ्या करायच्या जागेत आग लागली. तिथं स्कूटर होत्या, कपड्यांचे गठ्ठे होते. जिन्याच्या वाटेने धूर वर चढला आणि झोपेतली माणसं त्यात सापडली. सात जणांचा जीव गेल्याचं त्या दिवशीच कळलं. चाळीसहून जास्त जखमी झाले. नंतर सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले.

हे पाच लाख सरकारी तिजोरीतूनच आले. माणूस गेल्यावर तिजोरी उघडते. तीच आधी, जिना मोकळा करायला, पाइपात पाणी आणायला उघडली असती तर? हा माझा प्रश्न आहे, आणि तो कोण्या एका सरकारला नाही. इंग्लंडच्या सरकारनेही ७२ माणसं गेल्यावरच पैसे काढले.

आता कोणी म्हणेल, सरकारने तपासणी केली की झालं काम. तर तेही तसं नाही. आपल्या विदर्भातली आठवण काढली तर आजही पोटात कालवतं. ९ जानेवारी २०२१ ची रात्र. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. खेड्यापाड्यातल्या, मजुरी करणाऱ्या आयांची बाळं होती ती. आपल्यापैकी कितीतरी जणी अशाच कक्षाच्या काचेबाहेर रात्रभर बसलेल्या आहेत. त्यानंतर राज्यभर सरकारी रुग्णालयांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. आणि दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. तपासणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना दोन वेगळे पैसे लागतात, आणि दोन वेगळ्या तारखा लागतात. डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली म्हणजे औषध पोटात गेलं असं होत नाही.

मैत्रिणींनो, आता शहरातून आपल्या गावाकडे येऊ. मी विचार करत बसले, की आगीपासून वाचवणारी भिंत सरकारी पैशाने आपल्या गावात कधी आलीच नाही का? आणि मग उठून माझ्याच आळीत बघितलं. आली की! तिला आपण घरकुल म्हणतो.

१९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. पुढे रमाई आवास आली, शबरी आवास आली, आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली. या योजनांनी कुडाच्या जागी विटांची भिंत दिली, गवताच्या छपराच्या जागी टिन नाहीतर स्लॅब दिला. पूर्वी उन्हाळ्यात एका छपराला आग लागली की वाऱ्याने ठिणग्या उडून अख्खी आळी जळायची. म्हातारी माणसं वर्ष सांगताना "आग लागली त्या साली" असं सांगायची. आता एक घर जळालं तरी सहसा शेजारचं वाचतं. कागदावर कुठेही ही आगीपासून बचावाची योजना आहे असं लिहिलेलं नाही. पण सरकारी खर्चाने धोक्याची भिंत बदलून देणं म्हणजे आणखी काय असतं? लंडनला जे २०१८ मध्ये सुरू झालं, ते आपल्या गावात वेगळ्या नावाने आधीच चालू होतं.

इथं एक हिशेब सांगते. सपाट भागात घरकुलाला केंद्राच्या योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात. आग ही आपत्ती निवारणाच्या यादीत धरलेली आहे, आणि २०२२ पासूनच्या निकषांत सपाट भागातलं पूर्ण जळालेलं घर असेल तर मदतीचा आकडाही १ लाख २० हजारच आहे. रक्कम एकच. ती आधी मिळाली तर संसार वाचतो. नंतर मिळाली तर तलाठ्याचा पंचनामा, फाटलेल्या राशन कार्डाची नक्कल आणि जळालेल्या शाळेच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या चकरा, हे सगळं त्याच रकमेत येतं. आणि आगीत बकरी गेली, दाण्याची कोठी गेली, लेकीच्या लग्नाचं सामान गेलं, त्याची भरपाई मनासारखी कधी होत नाही.

मात्र पक्की भिंत आली म्हणून आपण निश्चिंत झालो, हेही खरं नाही. आपणच त्या भिंतीला अंगरखा घालतो. घरकुलाच्या भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा ढीग, वर ताडपत्री, बाजूला कुटार, आणि त्यावरून गोठ्यात गेलेली उघडी वायर. आत कापूस साठवलेला, आणि त्याच खोलीत गॅसची शेगडी. सांगा बरं, ग्रेनफेलच्या पत्र्यात आणि यात फरक काय? आत न जळणारं, बाहेर जळणारं. आपली आजी दिवाळीआधी भिंत लिंपायची. आपण निदान पऱ्हाट्या भिंतीपासून दूर रचू, आणि गॅसची रबरी नळी तडकली का ते बघू. या कामाला सरकारी निधी लागत नाही. गाडी तालुक्याहून येईपर्यंत पहिली पंधरा-वीस मिनिटं आपलीच असतात.

पण जिथं निधी लागतो तिथं मागायला लाजू नका. अंगणवाडीची वायरिंग, शाळेची खोली, उपकेंद्रातला बाळंतपणाचा कक्ष, गटाची बसायची जागा. ग्रामसभेत विषय मांडताना दोन वाक्यं वेगवेगळी लिहून घ्या. एक, तपासणी कधी आणि कोण करणार. दोन, निघालेली दुरुस्ती कधी आणि कोणत्या पैशातून होणार. पहिल्याच वाक्यावर ठराव संपला तर तो अर्धाच झाला असं समजा.

आता शेवटी त्या ताईला उत्तर दिलं पाहिजे. ताई, तुम्ही ऐकत असाल.

तुमचा राग बरोबर आहे. जो पत्रा आपण निवडला नाही त्याचा भुर्दंड आपल्यावर पडू नये, हे इंग्लंडला पाच वर्षांनी पटलं. आपल्याकडे पडक्या इमारतींच्या बाबतीत ते १९६९ मध्येच पटलं होतं, आगीच्या बाबतीत अजून तसा कायदा झालेला नाही. तो व्हावा म्हणून बोललं पाहिजे, आणि ते बोलणं गावातून झालं तरी चालतं. शहरातल्या त्या इमारतींत आपलीच लेकरं झोपतात.

पण कायदा होईपर्यंत लेकीला असंच ठेवू नका. तपासणीची वर्गणी द्या. फक्त पैसे पाठवताना लेकीला चार गोष्टी विचारायला सांगा. तपासणी करणाऱ्याकडे परवाना आहे का, आणि त्याचा अहवाल सगळ्या सभासदांना वाचायला मिळणार का? बाहेरच्या भिंतीवर पत्रे असतील तर त्यांच्या आत काय भरलं आहे? जिन्यात आणि खालच्या गाड्यांच्या जागेत सामान ठेवलं आहे का, ते कोण हलवणार? आणि चौथी, जे काम निघेल त्यातलं किती बांधणाऱ्या बिल्डरकडे मागता येईल? सोसायटीच्या सभेत बायका मागे बसतात, पुरुष बोलतात. लेकीला म्हणावं, तू पुढे बस. घराच्या कागदावर तिचंही नाव असेल तर आणखीच जोरात विचार. नसेल, तर ते नाव का नाही हेही एकदा घरात विचारून घे.

आणि घरी परतताना तिने एकदा लिफ्ट सोडून जिन्याने वर चढावं. अंधारात, लेकराला कडेवर घेऊन, याच जिन्याने उतरता येईल का, ते तिचं तिलाच कळेल. हेही एक ऑडिटच आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही.

आज इथंच थांबते. उद्या सकाळी उठल्यावर आपापल्या घराभोवती एक चक्कर मारा आणि भिंतीला काय काय टेकलेलं आहे ते बघा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं. मीही सांगणार आहे, कारण माझ्या घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग आहे, आणि तो अजून हललेला नाही.

रामराम मैत्रिणींनो.